नाव दिलं, देणं राहिलं

अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं एम्स हे गाव मराठी वाचकाला अगदीच परकं नाही. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर तिथे शिकला. त्याचं चरित्र महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत गेली चाळीसहून अधिक वर्षं वाचलं जातंय, शाळांच्या बक्षीस समारंभांत मुलांच्या हाती ठेवलं जातंय. १८९१ मध्ये कार्व्हर एम्सच्या कृषी महाविद्यालयात, म्हणजे आजच्या आयोवा स्टेट विद्यापीठात, आला, तेव्हा तिथला तो पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी होता. इतर विद्यार्थ्यांच्या पंगतीत त्याला बसू दिलं नाही, तळघरात शेतमजुरांबरोबर जेवावं लागलं, हे आपण वाचलेलं असतं आणि पुढच्या त्याच्या कर्तृत्वाने दिपून विसरूनही गेलेलो असतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात राहते. त्या महाविद्यालयाच्या अमेरिकन फुटबॉल संघातल्या खेळाडूंना मालिश करण्याचं, त्यांची दुखणीखुपणी बघण्याचं कामही कार्व्हर करत असे.

१८९६ मध्ये कार्व्हर एम्स सोडून दक्षिणेत टस्कीगीला गेला. त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १९२२ मध्ये, त्याच महाविद्यालयात पहिला कृष्णवर्णीय खेळाडू दाखल झाला. जॅक ट्राइस त्याचं नाव. पशुसंवर्धन शिकायचं आणि दक्षिणेतल्या आपल्या शेतकऱ्यांकडे जायचं, हे त्याच्या मनात होतं. म्हणजे कार्व्हरचीच वाट. पण ८ ऑक्टोबर १९२३ ला, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात झालेल्या दुखापतींनी तो गेला. आज त्या विद्यापीठाचं साठ हजार प्रेक्षकांचं स्टेडियम त्याच्या नावाने ओळखलं जातं.

त्याची कथा अमेरिकेत सहसा शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. तो शूर होता यात शंकाच नाही. पण शौर्यावर सगळा प्रकाश टाकला की ज्यांनी त्याला त्या जागी उभं केलं ते अंधारात राहतात. एखादी संस्था आजवर बाहेर ठेवलेल्या समाजातल्या पहिल्या मुलाला आत घेते, त्या क्षणी ती त्याची पालक होते. आत त्याच्या वाट्याला काय येतं याचा जाब तिनेच द्यायचा असतो. नंतर कधीतरी भिंतीवर त्याचं नाव कोरलं म्हणून हा हिशेब मिटत नाही. एम्समध्ये तो मिटलेला नाही, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत आयोवा राज्य ज्या दिशेने निघालंय ते पाहता तो वाढतोच आहे.

जॅकचा जन्म १२ मे १९०२ चा, ओहायो राज्यातल्या हायरम या लहानशा गावातला. आजी-आजोबा गुलामगिरीतून सुटलेले. वडील ग्रीन ट्राइस सैन्यातल्या कृष्णवर्णीयांच्या तुकडीत नोकरी करून नंतर शेतीला लागलेले. जॅक सात वर्षांचा असताना ते गेले. गावात कृष्णवर्णीयांचं घर म्हणजे जवळजवळ हे एकच, त्यामुळे जॅकचे सगळे सवंगडी गोरे आणि तो त्यांच्यात पुरता रमलेला. आई अ‍ॅना हिला नेमकी याचीच धास्ती होती. उद्या बाहेरचं जग या पोराला त्याचा रंग दाखवून देणार. तोवर त्याला काही ठाऊकच नसलं तर त्याचा निभाव कसा लागणार? म्हणून तिने आपल्या एकुलत्या एका मुलाला क्लीव्हलँडला नातेवाइकांकडे धाडलं, आपल्या माणसांत राहून त्याने जगाची रीत शिकावी यासाठी. या बाईने पुढचं सगळं आधीच ओळखलं होतं. शहाण्यासुरत्या प्राध्यापकांच्या महाविद्यालयाला जे सुचलं नाही, ते त्या विधवेला सुचलं.

क्लीव्हलँडच्या ईस्ट टेक्निकल हायस्कूलच्या संघात जॅक चमकला. सहा फूट उंच, दोनशे पौंडांहून अधिक वजनाचा गडी. संघाचे प्रशिक्षक सॅम विलामन यांना १९२२ मध्ये एम्सचं बोलावणं आलं, तेव्हा आपल्या चांगल्या खेळाडूंपैकी काहींना ते सोबत घेऊन गेले. त्यांत जॅकही होता. खेळाडू म्हणून शिष्यवृत्ती मिळण्याचा तो काळ नव्हता. महाविद्यालयात मिळतील ती कामं करायची, फी भरायची, आणि उरलेल्या वेळात अभ्यास आणि सराव. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे, म्हणून १९२२ चा हंगाम सरावातच गेला. १९२३ च्या उन्हाळ्यात त्याने कोरा मे हिच्याशी लग्न केलं. त्या ऑक्टोबरात त्याच्यासमोर पहिला मोठा सामना होता. मिनिआपोलिसला जाऊन मिनेसोटा विद्यापीठाशी खेळायचं होतं.

सामन्याच्या आदल्या रात्री, ५ ऑक्टोबरला, त्याने हॉटेलच्या कागदावर स्वतःसाठीच एक टिपण लिहिलं. ते त्याच्या कोटाच्या खिशात नंतर सापडलं. आयुष्यातल्या पहिल्या खऱ्या महाविद्यालयीन सामन्याआधीचे आपले विचार, अशी सुरुवात करून तो लिहितो की माझ्या वंशाची, घराण्याची आणि माझी स्वतःची अब्रू पणाला लागली आहे. सगळ्यांची माझ्याकडून मोठी अपेक्षा आहे, आणि मी ती पुरी करणार. उद्या मैदानावर मी देह आणि आत्मा बेदरकारपणे झोकून देईन. चेंडू सुटेल त्या प्रत्येक वेळी माझ्या वाट्यापेक्षा जास्त करण्याचा प्रयत्न करीन. मग एकदम सूर बदलतो आणि कसलेला खेळाडू बोलू लागतो: बचावात असताना समोरची फळी फोडून त्यांच्याच हद्दीत चाल अडव, घोळक्याने येणाऱ्यांपासून जप, खाली वाकून झुंज, डोळे उघडे ठेव, नजर चालीवर असू दे.

हे टिपण अमेरिकेत फार प्रेमाने वाचलं जातं. अंत्यविधीच्या वेळी वाचलं गेलं, फलकावर कोरलं गेलं, भाषणांत येतं. मला ते वाचताना अभिमानाआधी संताप येतो. एकवीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यात, उद्या चेंडू कुठून येईल या विचाराच्या आधी, अख्ख्या वंशाची अब्रू का यावी? त्याच्या शेजारच्या खोलीत झोपलेल्या कुठल्याही गोऱ्या मुलाला हे लिहावं लागलं नसेल. हरला तर तो एक सामना हरणार होता. जॅक हरला असता तर ‘यांना घेऊन काय उपयोग’ हे ऐकावं लागणार होतं, आणि ते फक्त त्याला नाही, त्याच्यामागून येऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला. हे ओझं त्याने हौसेने उचललेलं नव्हतं. ‘तू पहिला आहेस, तेव्हा सिद्ध करून दाखव’ हे न बोलता सांगणाऱ्या संस्थेने ते त्याच्या खांद्यावर ठेवलं होतं.

६ ऑक्टोबर. जॅकची जागा टॅकलची. अमेरिकन फुटबॉलमध्ये टॅकल म्हणजे फळीतला दांडगा गडी. समोरच्यांच्या भिंतीत घुसायचं आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याची वाट बंद करायची, हे त्याचं काम. सामना सुरू होताच, दुसऱ्याच चालीत, जॅकच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. तो बाहेर आला नाही. मोडलेला कॉलरबोन घेऊन अर्धा सामना खेळला. तिसऱ्या सत्रात मिनेसोटाचे खेळाडू घोळक्याने त्याच्या बाजूने आले. त्यांना अडवण्यासाठी त्याने जमिनीवर आडवं लोटांगण घालत झेप घेतली. ‘रोल ब्लॉक’ म्हणत त्या डावाला. पोटावर पडला असता तर कदाचित निभावलं असतं. तो उताणा पडला, आणि धावत येणारे तिघे त्याला तुडवून गेले. सहकारी धावले. ‘मी ठीक आहे,’ असं तो म्हणाला म्हणतात. त्याला बाहेर नेताना मिनेसोटाच्या प्रेक्षकांतूनच ‘वुई आर सॉरी, एम्स’ अशी हाक उठली.

मिनिआपोलिसच्या डॉक्टरांनी त्याला तपासून प्रवासाला हरकत नाही असं ठरवलं. रेल्वेच्या डब्यात गवताच्या गादीवर निजवून त्याला एम्सला आणलं. आत रक्तस्राव सुरूच होता. सोमवारी, ८ तारखेला दुपारी, कोरा मे त्याच्या खाटेजवळ पोहोचली. तिने हाक मारली, त्याने पाहिलं, पण बोलला नाही. महाविद्यालयाच्या घंटाघरात तीनचे ठोके पडले ते तिला ऐकू आले, आणि तो गेला. पासष्ट वर्षांनंतर लिहिलेल्या पत्रातही तिला ते ठोके आठवत होते.

दुसऱ्या दिवशी वर्ग बंद ठेवून हजारो विद्यार्थी आणि शिक्षक त्याच घंटाघरापाशी जमले. पेटीवर महाविद्यालयाच्या रंगांचं वस्त्र घातलं होतं. वर्गणी निघाली, दोन हजारांहून अधिक डॉलर जमले, ते अंत्यविधीला आणि आईचं कर्ज फेडायला दिले. त्या गर्दीच्या दुःखावर मी शंका घेणार नाही. पण आई अ‍ॅना हिने नंतर महाविद्यालयाचे अध्यक्ष रेमंड पिअर्सन यांना जे लिहिलं, ते मुलाच्या टिपणाइतकंच वाचलं जायला हवं होतं. एम्सला येणाऱ्या कृष्णवर्णीय मुलांना माझ्या मुलाच्या आयुष्यातून काही प्रेरणा मिळाली तर त्याचं जगणं-मरणं वाया गेलं नाही, असं तिने लिहिलं. आणि लगेच पुढे: त्याच्या मानसन्मानाचा मला अभिमान आहे, पण अध्यक्षमहाराज, माझं म्हणून जे काही होतं ते तोच होता. मी म्हातारी आहे, एकटी आहे. पुढचे दिवस उदास आणि एकाकी आहेत.

‘पण’ म्हणून तिने जे लिहिलं, ते संस्थेला उद्देशून होतं. संस्थेने त्यातलं प्रेरणेचं वाक्य तेवढं उचललं.

मिनेसोटाच्या खेळाडूंनी त्याला मुद्दाम तुडवलं का, हा प्रश्न शंभर वर्षं चर्चेत आहे. पाहणाऱ्यांतच दोन तट होते. काहींच्या मते तो खेळातला अपघात, काहींच्या मते सरळ खून. मिनेसोटाची बाजू घेणारे सांगतात की त्याच विद्यापीठाकडून १९०४ ते १९०६ या काळात बॉबी मार्शल हा कृष्णवर्णीय खेळाडू गाजला होता, तिथे असा द्वेष असेलच कसा? दुसऱ्या बाजूचे पॉल रॉबसनकडे बोट दाखवतात. रटगर्स विद्यापीठात सरावाच्या पहिल्याच दिवशी त्याच्याच संघातल्या मुलांनी त्याचं नाक फोडलं, खांदा निखळवला, आणि एकाने बुटाने हातावर पाय देऊन नखं उपटली. आपल्याच संघात हे होत असेल तर परक्या संघाचं काय सांगावं?

मला या वादात फार अडकायचं नाही, कारण हेतू सिद्ध झाला असता तर न्याय झाला असता, हे त्यामागचं गृहीतच खोटं आहे. याचा दाखला आयोवातच आहे. २० ऑक्टोबर १९५१ ला डे मॉइन शहरातल्या ड्रेक विद्यापीठाचा कृष्णवर्णीय खेळाडू जॉनी ब्राइट ओक्लाहोमा ए अँड एम विद्यापीठाविरुद्ध खेळत होता. देशातल्या अव्वल खेळाडूंत त्याची गणना होती. चेंडू दुसऱ्याच्या हाती गेलेला असताना, ब्राइट चालीपासून दूर उभा असताना, समोरच्या एका खेळाडूने त्याच्या जबड्यावर ठोसा मारला. जबडा मोडला. ‘डे मॉइन रजिस्टर’च्या छायाचित्रकारांनी एकामागून एक घेतलेल्या फोटोंत सगळं स्पष्ट दिसतं, त्या फोटोंना १९५२ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. म्हणजे साक्षीदार होते, पुरावा होता, देशभर छापला गेलेला पुरावा. तरी ना त्या खेळाडूवर कारवाई झाली, ना त्या विद्यापीठावर. ड्रेकने निषेध म्हणून ती स्पर्धासंघटना सोडली. ओक्लाहोमाकडून माफी आली ती २००५ मध्ये, ब्राइटच्या मृत्यूनंतर बावीस वर्षांनी. ड्रेकने २००६ मध्ये मैदानाला ब्राइटचं नाव दिलं.

म्हणून हेतूचा प्रश्न बाजूला ठेवून मी दुसरेच प्रश्न विचारतो. हाड मोडलेल्या मुलाला खेळवलं कोणी? ‘मी ठीक आहे’ हे त्याचं म्हणणं शेवटचा शब्द का मानला गेला? ज्याने आदल्या रात्री वंशाची अब्रू पणाला लावली आहे, तो ‘मला दुखतंय, मला बाहेर घ्या’ असं म्हणेल अशी अपेक्षा कोणी करावी? प्रशिक्षक, अध्यक्ष, डॉक्टर, या सगळ्यांचा हेतू चांगला होता असं मानू. चांगल्या हेतूच्या माणसांनी त्याला एकटं सोडलं, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

यावर एक रास्त आक्षेप आहे. तो काळच तसा होता, गोरी मुलंही मरत होती. खरंच मरत होती. १९०५ च्या एका हंगामात किमान अठरा जण दगावल्याचं वृत्तपत्रांनी मोजलं होतं. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बड्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारा असं बजावलं होतं. त्यातूनच पुढे एनसीएए ही नियामक संघटना उभी राहिली आणि चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली, जेणेकरून माणसांचे ढीग कमी व्हावेत. चामड्याची मऊ टोपी घालून खेळायचे दिवस ते. हेल्मेट सक्तीचं व्हायला १९३९ उजाडलं. पण या आक्षेपाने संस्थेची सुटका होत नाही, उलट ती जास्तच अडकते. खेळ जीवघेणा आहे हे देशाच्या अध्यक्षापासून सगळ्यांना अठरा वर्षं आधी कळलं होतं. अशा खेळात, इतरांपेक्षा जास्त सिद्ध करायचं ज्याच्या डोक्यावर आहे, असा एकच मुलगा उतरवताना त्याच्यासाठी वेगळा विचार करायला हवा, हे कोणाला का सुचू नये?

पहिल्याला आत घेऊन त्याला वाऱ्यावर सोडणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला पुस्तकातून शिकायला नको. १९१७ मध्ये बाबासाहेब आंबेडकर बडोद्याला नोकरीवर रुजू झाले. सयाजीराव गायकवाडांनी शिष्यवृत्ती दिली होती, कोलंबियात शिकवलं होतं, संस्थानात वरची जागा दिली होती. राजाचा हेतू शुद्ध होता, त्याच्या उदारपणाबद्दल बाबासाहेबांनीही कृतज्ञता ठेवली. पण त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशांच्या सराईत नाव लपवून राहावं लागलं आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही हाकललं. कचेरीतला शिपाई कागद लांबून फेकायचा. संस्थानाने पद दिलं, पण डोक्यावर छप्पर दिलं नाही. छपराची सोय ही राजाच्या मोठेपणापुढे किरकोळ बाब वाटते; जो तिथे राहणार आहे त्याच्यासाठी सगळं तिच्यावरच अवलंबून असतं.

एम्समध्येही छपराचाच प्रश्न होता. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेशाला बंदी नव्हती, पण वसतिगृहात त्यांना जागा मिळत नसे. गावातल्या आर्ची आणि नॅन्सी मार्टिन या कृष्णवर्णीय दाम्पत्याने आपलं घर त्या मुलांसाठी उघडलं. महाविद्यालयाने जे करायचं ते एका मजूर कुटुंबाने केलं, आणि केलं ते एक-दोन नव्हे तर अनेक वर्षं. २००४ मध्ये विद्यापीठाने नव्या वसतिगृहाला या दोघांचं नाव दिलं. ज्या मुलांना वसतिगृहाने नाकारलं त्यांना ज्यांनी सांभाळलं, त्यांचं नाव वसतिगृहावर. चांगलं झालं. पण या विद्यापीठाची एक सवय यातून दिसते. देणं असतं तेव्हा ते देत नाही, आणि ऐंशी वर्षांनी त्या देण्याच्या जागी पाटी लावतं.

स्टेडियमच्या नावाची गोष्टही तशीच. जॅकच्या मृत्यूनंतर जिमखान्यात एक फलक लागला आणि त्यावर धूळ बसली. १९५७ मध्ये एका विद्यार्थ्याच्या तो नजरेस पडला, त्याने लेख लिहिला, पुन्हा सगळं शांत झालं. १९७३ च्या सुमारास एका इंग्रजीच्या शिक्षकाने आणि त्याच्या वर्गातल्या मुलांनी तो विषय हाती घेतला. नवं स्टेडियम बांधलं जात होतं, त्याला जॅकचं नाव द्या अशी मागणी त्यांनी केली. मुलं येत गेली, पदवी घेऊन जात गेली, पण मागणी पुढच्या मुलांच्या हाती देत गेली. १९७५ ला स्टेडियम उघडलं, विनानावाचं. १९८४ मध्ये तडजोड निघाली: स्टेडियमला संघाचं नाव, ‘सायक्लोन स्टेडियम’, आणि आतल्या मैदानाला जॅक ट्राइसचं. विद्यार्थ्यांनी पैसे उभे करून १९८८ मध्ये पुतळा बसवला. अखेर १९९७ मध्ये संपूर्ण स्टेडियमचं नाव जॅक ट्राइस झालं.

ही तारखांची रांग वाचताना मराठवाडा आठवल्याशिवाय राहत नाही. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, आणि प्रत्यक्ष पाटी बदलायला १४ जानेवारी १९९४ उजाडली. तीही नामांतराऐवजी नामविस्तार होऊन. एम्सच्या मुलांनी अर्ज-विनंत्या केल्या, आपल्याकडे दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. दोन्हीची किंमत एका पारड्यात घालता येणार नाही, आणि बाबासाहेबांचं स्थान आणि एका विद्यार्थ्याचं स्थान यांचीही तुलना नाही. पण सत्तेची चाल दोन्हीकडे ओळखीची आहे. आधी टाळायचं, मग अर्धं द्यायचं, जुनं नाव शाबूत ठेवून नवं त्याला जोडायचं, आणि लोक दमतील याची वाट बघायची. लोक दमले नाहीत म्हणून दोन्ही नावं आज उभी आहेत. श्रेय द्यायचंच तर ते लढणाऱ्यांना आहे, सही करणाऱ्यांना नाही.

नावाला किंमत नसते असं मी म्हणणार नाही. नामांतराच्या लढ्यात ज्यांनी आयुष्य घातलं त्यांना हे सांगायची माझी हिंमत नाही, आणि ते खरंही नाही. दर शनिवारी साठ हजार माणसं ‘जॅक ट्राइस’ म्हणतात, तिकिटावर ते नाव छापलेलं असतं. त्यातल्या काही मुलांना तरी हा कोण असं विचारावंसं वाटतं. प्रश्न एवढाच की विचारल्यावर उत्तर काय मिळतं. आणि नाव किती पक्कं असतं, हाही एक प्रश्न आहे. १९८४ च्या तडजोडीत ज्या मैदानाला जॅकचं नाव मिळालं होतं, त्या हिरवळीवर आज एका वीज कंपनीचं नाव आहे. स्टेडियम जॅकचं, मैदान मिडअमेरिकन एनर्जीचं. ज्या मातीवर मुलं पडतात, ती माती भाड्याने गेली.

२०२२ मध्ये विद्यापीठाने त्याला मरणोत्तर पदवी दिली, पशुसंवर्धनातलीच. त्यानंतर दोन वर्षांच्या आत, मे २०२४ मध्ये, आयोवाच्या गव्हर्नर किम रेनॉल्ड्स यांनी एका कायद्यावर सही केली. राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत विविधता, समता आणि समावेशनासाठी असलेली कार्यालयं चालवायला या कायद्याने बंदी आली. पहिल्या पिढीतून, वगळलेल्या समाजांतून येणाऱ्या मुलांची दखल घेणं, त्यांच्या तक्रारी ऐकणं, त्यांना एकत्र आणणं ही कामं या कार्यालयांकडे असत. ती सगळी कार्यालयं उत्तम चालत होती असा माझा दावा नाही. सरकारी कार्यालयात जी सुस्ती आणि कागदी घोडे असतात ते तिथेही असणार. सुस्त कार्यालय सुधारायचं असतं. आयोवाने ते बेकायदा ठरवलं.

कायद्याच्या समर्थकांचं म्हणणं साधं आहे आणि वरवर न्याय्य आहे: सगळ्यांना सारखं वागवा, रंग पाहू नका, गुण पाहा. १९२३ च्या त्या शनिवारी जॅक ट्राइसला अगदी सारखं वागवलं गेलं. सगळ्यांना तीच टोपी, तेच नियम, तोच डॉक्टर. कोणीही त्याचा रंग पाहिला नाही असं मानलं, तरी त्याला स्वतःला तो विसरता येत नव्हता, हे त्याच्या खिशातला कागद सांगतो. जो आधीच दुप्पट ओझं घेऊन उभा आहे त्याला इतरांइतकंच दिलं, तर त्याचं दुप्पट ओझं तसंच राहतं. हे ओळखण्यासाठी कोणा एकावर जबाबदारी टाकावी लागते, त्याला पगार द्यावा लागतो, आणि प्रशिक्षकाला ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार द्यावा लागतो. आपोआप काहीच होत नाही. अ‍ॅना ट्राइसने हे १९१० च्या दशकात ओळखून मुलाला क्लीव्हलँडला पाठवलं होतं. एकशे काही वर्षांनी त्याच मुलाच्या नावाने स्टेडियम चालवणाऱ्या राज्याला ते नको झालंय.

आणि हा प्रश्न फक्त गोऱ्या-काळ्यांचा किंवा फक्त अमेरिकेचा राहिलेला नाही. शिकत असतानाच आयुष्य संपवलेल्या रोहित वेमुला आणि पायल तडवी यांच्या आया २०१९ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या त्या याच मागणीसाठी: विद्यापीठांनी आत घेतलेल्या मुलांची जबाबदारी घ्यावी, भेदभावाची तक्रार ऐकणारी यंत्रणा कागदावर नव्हे तर खरोखर असावी. पिअर्सन यांना पत्र लिहिणारी अ‍ॅना आणि न्यायालयाच्या पायऱ्या चढणाऱ्या या दोघी एकच गोष्ट मागत आहेत, आणि त्यात पुतळा कुठेच नाही.

आयोवाच्या विधिमंडळाने तो कायदा मागे घ्यावा. तसं होईपर्यंत, १९८८ मध्ये ज्या विद्यार्थ्यांनी स्वतःच्या खिशातून पुतळा उभा केला, त्यांच्यातले आज साठीला आलेले जे कोणी असतील, त्यांनी आणि त्यांच्यामागून शिकून गेलेल्यांनी मार्टिन दाम्पत्याने केलं ते पुन्हा करावं: एम्समध्ये एक घर घ्यावं, त्यात पहिल्या पिढीतल्या मुलांना ठेवावं, त्यांच्यासाठी एक वकील आणि एक डॉक्टर नेमावा. आणि स्टेडियमच्या दारात जॅकच्या टिपणाशेजारी त्याच्या आईचं पत्र लावावं, त्यातलं शेवटचं वाक्य न गाळता.